दोन इंजिनांचे विमान : जुने रूप आणि नवे रूप

गेल्या काही वर्षांत बारावीचा निकाल लागला की "वैमानिक व्हायचे असेल तर काय करावे लागते?" असा प्रश्न आपल्या शाळेत हमखास येतो. पूर्वी हा प्रश्न क्वचितच कोणी विचारीत असे. आता तसे राहिलेले नाही. २०२३ साली इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली. एवढ्या विमानांना वैमानिक लागणार, हे मुलांनी वर्तमानपत्रांतून वाचले आहे. आपल्या आदिलाबादच्या जुन्या धावपट्टीबद्दलही बोलणे सुरू आहे. हवाई दलाच्या ताब्यातील ही जागा नागरी विमानतळासाठी विकसित करण्यास संरक्षण मंत्रालयाने २०२५ मध्ये संमती दिली.

विमान चालवायला शिकवणारी एक मोठी संस्था आपल्यापासून फार दूर नाही. नागपूरमार्गे गोंदियाला गेले की जवळच बिरसी येथे विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ही धावपट्टी बांधली. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून २००८ साली तेथे ‘नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. या संस्थेने शिकवण्यासाठी ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीची दोन प्रकारची विमाने आणली : एक इंजिनाचे डीए-४० आणि दोन इंजिनांचे डीए-४२. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे ‘इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी’ आहे. ती केंद्र सरकारची संस्था असून तिच्याकडेही हीच जोडी आली.

या लेखात आम्ही फक्त डीए-४२ विषयी लिहिणार आहोत. याचे कारण असे की ‘डीए-४२’ हे नाव एक असले तरी त्या नावाखाली निरनिराळी विमाने आहेत. लांबून पाहिले तर जुने कोणते आणि नवे कोणते हे चटकन ओळखू येत नाही. आत मात्र इंजिन वेगळे, वजन वेगळे, आणि बिघाड झाल्यास सावरण्याची ताकदही वेगळी. हा फरक विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा, आणि पैसे भरणाऱ्या पालकांनीही समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

दोन इंजिने कशासाठी?

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतले बहुतेक तास विद्यार्थी एक इंजिनाच्या विमानात काढतो. शेवटचे थोडे तास दोन इंजिनांच्या विमानात असतात. पण प्रवासी विमानांना दोन इंजिने असल्यामुळे नोकरीच्या दृष्टीने हे थोडे तास फार मोलाचे असतात.

दोन इंजिने असली की एक बंद पडले तरी दुसरे आहे, असे आपण सहज म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धेच. बैलगाडीचे उदाहरण घेऊ. जोडीतला डावा बैल बसला आणि उजवा ओढतच राहिला तर गाडी सरळ जात नाही, डावीकडे वळते. विमानाचेही असेच होते. डावे इंजिन बंद पडले की उजव्याच्या ओढीने नाक डावीकडे वळू लागते. ते सरळ ठेवण्यासाठी वैमानिकाला उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीचे सुकाणू, जोराने दाबून धरावे लागते. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला तर रडरला पुरेसा वारा मिळत नाही आणि विमान हाताबाहेर जाते. म्हणून दोन इंजिनांच्या विमानाचे शिक्षण हे मुख्यतः एका इंजिनावर विमान कसे सावरायचे याचे शिक्षण असते.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी येथे बलाचे आघूर्ण आठवावे. डीए-४२ चे दोन्ही पंखे मागून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. चढताना पंख्याच्या उजव्या बाजूचे, खाली येणारे पाते जास्त ओढ देते. त्यामुळे उजव्या इंजिनाची ओढ विमानाच्या मध्यरेषेपासून अधिक दूर पडते, तर डाव्या इंजिनाची मध्यरेषेच्या अधिक जवळ. परिणामी डावे इंजिन बंद पडणे हे उजवे बंद पडण्यापेक्षा जास्त कठीण ठरते. बल तेच, पण भुजा मोठी म्हणून आघूर्ण मोठे. परीक्षेतले सूत्र येथे प्रत्यक्ष पायाला जाणवते.

पहिले रूप : २००२ ते २००८

डीए-४२ चे पहिले उड्डाण डिसेंबर २००२ मध्ये झाले आणि २००४ मध्ये त्याला युरोपात मान्यता मिळाली. त्या काळी शिकवण्याची दोन इंजिनी विमाने म्हणजे बहुतांशी १९६० आणि १९७० च्या दशकांतली पत्र्याची विमाने. ती विमानाच्या खास पेट्रोलवर चालत. डीए-४२ मध्ये बरेच काही नवे होते. सांगाडा पत्र्याचा नसून काचतंतू व कार्बनतंतू यांच्या संमिश्र पदार्थाचा. घड्याळासारख्या गोल तबकड्यांच्या जागी गार्मिन कंपनीचे दोन मोठे पडदे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिन डिझेल पद्धतीचे.

हे इंजिन जर्मनीच्या थिलर्ट कंपनीचे, नाव ‘सेंचुरियन १.७’. त्याचा पाया होता मर्सिडीजच्या ए-क्लास मोटारीचे डिझेल इंजिन. ताकद १३५ अश्वशक्ती. पुढे २००६ च्या सुमारास त्याच ताकदीचे ‘सेंचुरियन २.०’ आले. ही इंजिने मोठ्या प्रवासी विमानांना लागणाऱ्या इंधनावर, म्हणजे रॉकेलच्या जातीच्या एटीएफवर चालतात.

भारतासाठी ही मोठी सोय होती. विमानाचे पेट्रोल आपल्याकडे कित्येक वर्षे परदेशातून मागवावे लागे. ते महाग असे आणि सगळीकडे मिळतही नसे. इंडियन ऑइलने आपल्या गुजरात शुद्धीकरण कारखान्यात ते तयार करून बाजारात आणले ते २०२२ साली. एटीएफ मात्र जेथे प्रवासी विमाने उतरतात अशा बहुतेक विमानतळांवर मिळते. डिझेल पद्धतीची इंजिने इंधनही कमी पितात. ऑगस्ट २००४ मध्ये एक डीए-४२ कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून निघून पोर्तुगालमधील पोर्तो येथे न थांबता सुमारे साडेबारा तासांत पोहोचले. एवढ्या लहान विमानाने अटलांटिक महासागर ओलांडल्यामुळे त्याचे नाव सर्वत्र झाले.

वैमानिकाच्या हातालाही फरक जाणवला. जुन्या धाटणीच्या दोन इंजिनी विमानात सहा दांडे असतात : प्रत्येक इंजिनाला ताकदीचा एक, पंख्याचा एक आणि इंधन-हवेच्या मिश्रणाचा एक. डीए-४२ मध्ये दोनच दांडे आहेत, प्रत्येक इंजिनाला एक. बाकीचे काम संगणक करतो. इंजिन बंद करायचे तर त्याचे मुख्य बटण बंद करायचे, म्हणजे पंख्याची पाती आपोआप वाऱ्याला समांतर होतात. याला ‘फेदर’ होणे म्हणतात. पाती आडवी राहिली तर बंद पंखा वाऱ्याला अडवून विमानाला मागे खेचतो, म्हणून हे फेदर होणे फार आवश्यक असते.

हे सारे चांगलेच होते. पण या सोयीत एक गोष्ट लपलेली होती, ती २००७ साली उघडी पडली.

श्पायरची घटना

४ मार्च २००७ रोजी जर्मनीतील श्पायर विमानतळावर एक डीए-४२ उड्डाणासाठी तयार होत होते. विमानाची बॅटरी उतरलेली होती. म्हणून जमिनीवरच्या वीजपुरवठ्याची जोडणी करून इंजिने सुरू केली गेली. विमानाच्या पुस्तिकेनुसार अशा वेळी पहिले इंजिन बाहेरच्या विजेवर सुरू करायचे, पण दुसरे विमानाच्या स्वतःच्या विजेवर. बॅटरीत दम नसेल तर दुसरे इंजिन सुरूच होत नाही आणि दोष जमिनीवरच कळतो. त्या दिवशी दोन्ही इंजिने बाहेरच्या विजेवर सुरू झाली. विमान धावले आणि वर उचलले गेले. वैमानिकाने चाके आत घेण्याचा खटका दाबला.

चाके आत घेणारा पंप विजेवर चालतो आणि सुरू होताना बरीच वीज ओढतो. एरवी अशा वेळी बॅटरी हातभार लावते. पण बॅटरी रिकामी होती. क्षणभर विजेचा दाब खाली गेला. आपल्या घरी पाण्याची मोटर सुरू केली की दिवा मंद होतो, तसेच हे झाले. पण येथे त्या दिव्याच्या जागी इंजिने चालवणारे संगणक होते. ते बंद पडून पुन्हा सुरू झाले. तेवढ्या वेळात दोन्ही इंजिने थांबली आणि दोन्ही पंखे फेदर झाले. विमान फार उंच गेलेले नव्हते. ते तसेच खाली उतरवावे लागले. विमानाची मोडतोड झाली, सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

विद्यार्थ्यांनी या घटनेचा नीट विचार करावा. विमानाला इंजिने दोन होती. प्रत्येक इंजिनाला संगणकही दोन-दोन होते, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. म्हणजे एकूण चार संगणक. तरीही चारही एकाच क्षणी बंद पडले, कारण चौघांचीही वीज शेवटी एकाच ठिकाणाहून येत होती. चार विहिरी खणल्या पण झरा एकच असेल, तर तो आटल्यावर चारही कोरड्या पडतात. वस्तू दोन आहेत म्हणून आपण सुरक्षित आहोत असे होत नाही. त्या एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र असाव्या लागतात. जुन्या आणि नव्या डीए-४२ मधला सर्वांत महत्त्वाचा फरक आमच्या मते हाच आहे, आणि तो लांबून दिसत नाही.

यानंतर युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने सूचना काढल्या. इंजिनाच्या संगणकांसाठी वेगळ्या राखीव बॅटऱ्या बसवण्यात आल्या. मुख्य वीज क्षणभर गेली तरी संगणक चालू राहावेत, हा त्यामागचा हेतू. जुन्या विमानांतही हा बदल करून घ्यावा लागला. नव्या रूपात ही काळजी मुळातूनच घेतलेली आहे.

कंपनी बुडाली, विमाने अडली

दुसरा धक्का यंत्राचा नव्हता, व्यवहाराचा होता. एप्रिल २००८ मध्ये थिलर्ट कंपनी दिवाळखोरीत गेली. इंजिनांवर दिलेल्या हमीची पूर्तता थांबली आणि सुट्या भागांचे भाव वाढले. ज्या शाळांकडे ही विमाने होती त्यांची पंचाईत झाली.

याचे गांभीर्य समजण्यासाठी थोडे यंत्र समजून घ्यावे लागेल. हे इंजिन मिनिटाला सुमारे ३,९०० फेरे घेते, पण पंखा सुमारे २,३०० फेऱ्यांपेक्षा जलद फिरवून चालत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये गिअरबॉक्स लागतो. डिझेल इंजिनाचे ठोके जोरकस असतात. त्यांचे हिसके गिअरबॉक्सने आणि त्यासोबतच्या क्लचने सोसावे लागतात. सुरुवातीच्या सेंचुरियन इंजिनाचा गिअरबॉक्स दर ३०० तासांनी काढून तपासणीसाठी पाठवावा लागे. पूर्ण मुदत भरली की इंजिन दुरुस्त करून पुन्हा वापरायचे नसे, सरळ बदलायचे असे. शाळेचे विमान महिन्याला कितीतरी तास उडते, त्यामुळे ३०० तास पाहता पाहता संपतात. अशा वेळी भाग पुरवणारी कंपनीच अडचणीत आली तर विमान हँगरमध्ये उभे राहते आणि विद्यार्थी वसतिगृहात बसून राहतो.

पुढे २०१३ मध्ये थिलर्टचा व्यवसाय चीनच्या एव्हिक समूहाने घेऊन कॉन्टिनेंटल या नावाखाली चालू ठेवला, त्यामुळे जुन्या इंजिनांना आधार मिळाला. पण तोवर डायमंड कंपनीने वेगळा मार्ग धरला होता.

दुसरे आणि तिसरे रूप

डायमंडने ऑस्ट्रियात ‘ऑस्ट्रो इंजिन’ नावाची आपलीच कंपनी काढली होती. तिचे ‘एई-३००’ हे इंजिन २००९ साली मान्यता मिळून बाजारात आले. त्याचाही पाया मर्सिडीजचेच दोन लिटरचे डिझेल इंजिन आहे. पण थिलर्टने वजन कमी राखण्यासाठी ॲल्युमिनियमचा ठोकळा वापरला होता, तर ऑस्ट्रोने मूळचा ओतीव लोखंडाचा ठोकळा ठेवला. त्यामुळे इंजिन सुमारे ५० किलोने जड झाले. त्याबदल्यात ताकद १३५ वरून १६८ अश्वशक्तीवर गेली. क्लचऐवजी हिसके शोषणारी वेगळी रचना आली. इंजिनाची मुदतही टप्प्याटप्प्याने वाढवत १,८०० तासांपर्यंत नेण्यात आली. हे इंजिन बसवलेल्या विमानाला ‘डीए-४२ एनजी’ असे नाव मिळाले.

२०१२ मध्ये ‘डीए-४२ व्हीआय’ आले. यातले ‘व्हीआय’ म्हणजे रोमन आकड्यांतला सहा. इंजिन तेच, पण पंख्यांची पाती नवी, इंजिनांची आवरणे अधिक सुबक, रडर आणि शेपटीत सुधारणा. हवेचा अडथळा कमी झाल्यामुळे त्याच ताकदीत वेग वाढला. अलीकडच्या विमानांत गार्मिनचे पडदेही नव्या पिढीचे आहेत.

वजनाची कमाल मर्यादा प्रत्येक रूपात वाढत गेली. जुन्या डीए-४२ ची १,७८५ किलो, एनजीची १,९०० किलो, आणि व्हीआयची १,९९९ किलो. शेवटच्या आकड्यात एक गंमत आहे. युरोपात दोन टनांपर्यंतच्या विमानांना हवाई मार्गांचे शुल्क माफ असते, म्हणून मर्यादा त्याच्या एक किलो खाली थांबली! मर्यादा वाढली म्हणजे माणसे आणि सामान तेवढेच जास्त नेता येते असे मात्र समजू नये, कारण इंजिने जड झाल्यामुळे विमानाचे रिकामे वजनही वाढले आहे.

याशिवाय ‘डीए-४२ एल-३६०’ असे आणखी एक रूप आहे. त्यात लायकमिंग कंपनीची पेट्रोलवर चालणारी इंजिने असतात. अशी विमाने थोडीच बनली. पण नाव एकच आणि इंधन वेगळे असल्यामुळे टाकीच्या झाकणाजवळ लिहिलेले वाचल्याशिवाय इंधन भरू नये, हा धडा येथेही लागू पडतो. डिझेल पद्धतीच्या इंजिनात विमानाचे पेट्रोल गेले तर ते इंजिन बंद पडू शकते.

एक छोटे गणित

ताकद १३५ वरून १६८ झाली म्हणजे नेमके काय मिळाले? विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण करून पाहू. यातला सरळ उडण्याला लागणाऱ्या ताकदीचा आकडा आम्ही फक्त हिशेबासाठी धरला आहे.

समजा, जुन्या विमानाला उंची न बदलता उडण्यासाठी ११० अश्वशक्ती लागते. दोन्ही इंजिने चालू असताना हाताशी २७० आहे. उरली १६०. ही उरलेली ताकदच विमानाला वर चढवते. आता एक इंजिन बंद पडले. हाताशी १३५, लागते ११०, उरली फक्त २५. म्हणजे ताकद निम्मी झाली, पण चढण्याची शक्ती १६० वरून २५ वर, जवळजवळ एक-षष्ठांशावर आली. "दोनपैकी एक गेले, निम्मे राहिले" हा आपला अंदाज येथे चुकतो.

नवे विमान जड आहे, म्हणून त्याला सरळ उडायला १२० लागते असे धरू. एका इंजिनावर हाताशी १६८, उरली ४८. जुन्याच्या जवळपास दुप्पट. प्रत्यक्षात बंद इंजिनाचा अडथळा, तिरके उडणे, पंख्याची कार्यक्षमता या सर्वांमुळे दोन्ही आकडे आणखी कमी होतात. पण तुलनेचा अर्थ तोच राहतो. नव्या इंजिनाची जास्तीची ताकद वेगापेक्षाही जास्त उपयोगी पडते ती अशा कठीण वेळी.

आपल्या भागात याला आणखी महत्त्व आहे. मे महिन्यात आदिलाबाद, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते आणि पंख्याला ओढ कमी मिळते. दोन्ही रूपांची इंजिने टर्बोची असल्यामुळे विरळ हवेतही ती आपली ताकद बरीचशी टिकवतात, हा त्यांचा गुण. तरी हाताशी जास्त ताकद असणे अशा दुपारी उपयोगी पडते.

जुन्यावर शिकलेला नव्यावर बसला तर

जुन्या रूपावर शिकलेल्या विद्यार्थ्याला नवे विमान परके वाटत नाही. दोन दांडे तेच, पडद्यांची मांडणी बहुतेक तीच, फेदर करण्याची रीत तीच. पायाचा नियमही तोच : जो पाय मोकळा, त्या बाजूचे इंजिन बंद. पण आकडे बदलतात. उड्डाणाचा वेग, एका इंजिनावर चढण्याचा वेग, वजनाच्या मर्यादा, इंजिनाच्या तापमानाच्या मर्यादा, विजेच्या बिघाडाच्या वेळची कृती, हे सर्व त्या त्या रूपाच्या पुस्तिकेतूनच घ्यावे लागते. ताकद वाढली की एका बाजूची ओढही वाढते, त्यामुळे पायाला रडरवर जास्त जोर द्यावा लागतो. सारखे दिसणारे विमान जुन्या सवयीने चालवणे हे अगदी वेगळे विमान चालवण्यापेक्षा जास्त धोक्याचे असू शकते, कारण वेगळ्या विमानात आपण आपोआपच सावध असतो.

म्हणून नवे ते चांगले आणि जुने ते टाकाऊ असा अर्थ कोणी काढू नये. राखीव बॅटऱ्या बसवलेले, वेळेवर तपासणी झालेले जुने डीए-४२ हे शिकण्यासाठी चांगले विमान आहे. आणि दुर्लक्षित नवे विमान चांगले नव्हे.

पालकांनी काय विचारावे?

वैमानिकाच्या शिक्षणाला पन्नास लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक खर्च येतो. आपल्या भागात एवढी रक्कम उभी करायची तर कापसाची शेती किंवा राहते घर गहाण पडण्याची वेळ येऊ शकते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी संकोच न करता पुढील गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही सुचवतो.

१. संस्थेकडे दोन इंजिनी विमाने किती आहेत, आणि त्यांपैकी आज उडण्याच्या स्थितीत किती आहेत? कागदावरची संख्या पुरेशी नाही.

२. ती कोणत्या रूपाची आहेत? दोन वेगळी रूपे असतील तर विद्यार्थी कोणत्या रूपावर शिकणार आणि कोणत्या रूपावर परीक्षा देणार?

३. जमिनीवरचे सराव-यंत्र, म्हणजे सिम्युलेटर, त्याच रूपाचे आहे का?

४. इंजिन आणि गिअरबॉक्सची देखभाल कोठे होते? सुटे भाग यायला किती दिवस लागतात?

५. मागच्या तुकडीच्या मुलांना २०० तास पूर्ण करायला प्रत्यक्षात किती महिने लागले? हे संस्थेला विचारावेच, पण तेथे शिकणाऱ्या मुलांनाही विचारावे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे. तीही जरूर पाहावी. शिक्षणाच्या आणि वैद्यकीय तपासणीच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या डीजीसीएच्या मूळ सूचनांमधूनच वाचाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये. पैसे भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे तर फारच आवश्यक आहे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ भागात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी दोघेही मरण पावले. ते एक इंजिनाचे डीए-४० होते. या शिक्षणात धोका आहे, तो कोणतेही विमान पूर्णपणे नाहीसा करीत नाही. मुलांच्या उत्साहाला आवर घालण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. घरात निर्णय होताना ही बाजूही सर्वांसमोर असावी, एवढाच हेतू.

शाळेसाठी एक सूचना

विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक छोटी सूचना ठेवतो. विज्ञानाच्या तासाला आघूर्ण, विजेचा दाब, घनता हे विषय शिकवताना विमानाचे उदाहरण घेतले तर मुलांना गोडी लागते. एक बॅटरी, दोन लहान दिवे आणि एक खेळण्यातली मोटर एवढ्या साहित्यात श्पायरची घटना वर्गात दाखवता येते. उतरलेल्या बॅटरीवर मोटर सुरू करताच दोन्ही दिवे एकदम मंद होतात. मग एका दिव्याला वेगळी बॅटरी जोडावी आणि पुन्हा मोटर सुरू करावी. तो दिवा तसाच तेवत राहतो. या प्रयोगाला फारसा खर्च येत नाही, आणि आठवीच्या मुलालाही राखीव बॅटरी कशासाठी हे त्यातून कळते.

ज्या विद्यार्थ्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र मन लावून शिकावे, इंग्रजी वाचनाची सवय ठेवावी, आणि कोणतेही यंत्र हाताळण्यापूर्वी त्याची पुस्तिका वाचण्याची शिस्त आतापासूनच लावून घ्यावी. घरच्या मोटारसायकलपासून सुरुवात केली तरी चालेल. सर्वांना आमच्या शुभेच्छा.